सात रोपं जास्त

मटाराचे दाणे चोवीस होते. हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. औषधांच्या दुकानात तेहेतीस वर्षं मी गोळ्या मोजल्या. पाच-पाचची रांग करायची, पट्टीने सरकवायची, पुडीत भरायची. एवढ्या वर्षांत कुणाला एक गोळी कमी गेली नाही, की जास्त गेली नाही. त्याच हातांनी मी भिंतीलगतच्या वाफ्यात बारा-बारा दाण्यांच्या दोन ओळी टोचल्या, वर माती सारली, आणि अकराव्या दिवशी तिथे एकतीस रोपं उभी होती.

उगवण कमी झाली तर माणूस उंदरांना शिव्या घालतो, पाखरांना घालतो, बियाणेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. जास्त झाली तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची? मी वाफ्यापाशी उकिडवी बसून तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी गुडघा कुरकुरायला लागला, पण आकडा काही हलला नाही.

"काय गं, काय मोजतेस?" दादाने मागच्या पायरीवरून विचारलं.

"गोगलगायी," मी म्हटलं.

खोटं बोलायची मला सवय नाही. खरं तोंडावर बोलून निम्मे नातेवाईक तोडलेली बाई आहे मी. पण त्या दिवशी तोंडातून गोगलगायी निघाल्या त्या निघाल्याच. सरळ सांगायची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

घरात आम्ही दोघंच. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, धंद्याने शिंपी. वहिनी गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, तो शिलाई मशीन आणि दोन ट्रंका घेऊन माझ्याकडे राहायला आला. मी लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. दादा मला अजूनही ढब्बू म्हणतो, सहा वर्षांची असताना होते तशीच गोल आहे म्हणून. मागच्या दाराबाहेर अकरा पावलं लांब आणि सात पावलं रुंद जमीन आहे. तिच्यात आम्ही पाच वाफे केले, आणि कामं पहिल्याच वर्षी वाटून घेतली, कारण एका खुरप्यावरून दोन म्हातारी माणसं भांडायला लागली तर शेजारपाजारची करमणूक होते. पेरणं, खुरपणं आणि खत माझ्याकडे. पाणी आणि बांधणं दादाकडे. टोमॅटोची झाडं काठीला बांधायला तो जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडतो आणि अशी गाठ मारतो, की खोडाला काचत नाही आणि वाऱ्यात सुटतही नाही. ती गाठ मला येत नाही. बिया मी बागेतल्या अवजारांच्या खोलीत, औषधांच्या तपकिरी बाटल्यांत ठेवते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: नाव, तारीख, किती.

तर अशा घरात सात रोपं जास्त उगवली.

खरं म्हणजे गोंधळ पावसाळ्यातच सुरू झाला होता, मीच कानाडोळा केला. भेंडीच्या दोन ओळींच्या मधोमध एक तिसरी वाकडी ओळ आली. म्हटलं, पावसाने बी वाहून नेलं असेल. पुढे पाऊस सरला, चांगलं ऊन पडायला लागलं, तरी पालकाचा वाफा आपला चिखलच. मुळं कुजली. टोमॅटोची खालची पानं पिवळी पडली.

"दादा, पाणी जास्त होतंय."

"मी एकदाच घालतो. सकाळी." मग त्याने विचारलं, "तू घालतेस का परत?"

हे विचारताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. झारीकडे बघत होता.

घालते का मी? कधीमधी घालते, हे खरं. दुपारी तो आडवा झाला की कोथिंबीर मान टाकून बसलेली दिसते, मग राहवत नाही. पण ते कोथिंबिरीला. पालकाला घातलं असेन का? रोज? आणि मग तेच मनाला लागलं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. दूध दोनदा उतू गेलं. एकदा खुरपं घेऊन बागेत गेले आणि कशाला आले तेच आठवेना. हे सगळ्यांचंच होतं, मला माहीत आहे. पण सगळ्यांची आई माझ्या आईसारखी गेलेली नसते.

आमच्या आईची सुरुवात अशीच बारीकसारीक होती. भाजीत दोनदा मीठ, दार सताड उघडं. बाबा गुपचूप निस्तरायचे. खारट भाजी ओतून देऊन दुसरी करायचे, मागून जाऊन दार लावायचे, आणि आम्हा दोघांना डोळ्यांनी दटावायचे, बोलू नका म्हणून. तीन वर्षं आम्ही घरात नाटक केलं. एकदा आई बाजारात जायला निघाली आणि पिशवी राहिली म्हणून दारातून परत फिरली. बाबा तिने केलेली भाजी मोरीत ओतत होते. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाच तेवढं नाही." त्यानंतर तिने आमच्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. बाबा गेल्याचं सांगितलं, तेही तिला खोटंच वाटलं.

आईला पोचवून आलो त्या संध्याकाळी दादाने आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून करार केला. आपल्यापैकी ज्याला विसर पडायला लागेल, त्याला दुसऱ्याने तोंडावर सांगायचं. त्याच दिवशी. निस्तरायचं नाही, झाकायचं नाही. हातावर हात मारला. दादाने वर आणखी म्हटलं होतं, "तू तर सांगशीलच, ढब्बू. तुला काय, तोंडात तीळ भिजत नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो.

पण ज्याला स्वतःचाच संशय येतो त्याने काय करायचं, ते करारात नव्हतं. मी गप्प बसले. गोगलगायी मोजत बसले.

आणि त्यातच दादा माझ्याशी गोड वागायला लागला. एक दिवस जेवताना म्हणाला, "भाजी छान झालीय हं." नऊ वर्षांत हा माणूस माझ्या भाजीला छान म्हणाला नव्हता. मीठ कमी, मीठ जास्त, आई वेगळी करायची, एवढंच. मी हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी हातातली बादली काढून घेतली. "बस गं जरा, मी बघतो." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. म्हणजे ह्याच्या लक्षात आलंय. लक्षात आलंय आणि सांगत नाही. कीव करतोय माझी! मला त्याचा संताप आला, आणि त्याने अजून चार दिवस सांगू नये असंही वाटलं. दोन्ही एकदम. नळ बंद करून बाहेर आले तर हे महाशय टॉवेल घेऊन दाराशी उभे. आता काय म्हणावं?

शेवटी मी दुकानातला उपाय केला. साठा जुळला नाही तर आम्ही दिवसभर येणारं-जाणारं लिहून काढायचो. एक दिवस मुळा पेरला, दादाला शेजारी बसवून, त्याच्याशी बोलत. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय असं सांगून स्वयंपाकघराच्या खिडकीशी, पडद्याआड खुर्ची टाकली. मांडीवर वही. पहिली नोंद स्वतःचीच: आठ पन्नास, मी खुर्चीत. दर दहा मिनिटांनी लिहायचं, मी खुर्चीत. उठून बागेत गेलेच, तर वहीत भोक पडेल आणि कळेल. सत्तरीला आलेली बाई स्वतःवर पहारा ठेवून बसली होती.

नऊ वाजता दादाने झारी भरली. पाचही वाफ्यांना पाणी घातलं, टोमॅटोचं टोकाचं झाड बांधलं, आत येऊन चहा प्यायला. नऊ पन्नास, मी खुर्चीत. दादा दाराशी गेला आणि स्वतःशीच म्हणाला, "अरेच्चा, पाणी राहिलंच." झारी भरली. पाचही वाफे. टोमॅटोचं टोकाचं झाड. मला वाटलं, मी चुकीचं बघतेय. बागेकडे बघितलं, वहीकडे बघितलं. नऊची नोंद वहीत होती, माझ्याच अक्षरात.

अकराला तो परत बाहेर गेला. ह्या वेळी वाकला, मातीत बोट घातलं. ओली. त्याने मान हलवली, आणि घराकडे, मी बसले होते त्या खिडकीकडे, असं काही बघितलं की मला ओंजळीत तोंड लपवावंसं वाटलं. मग अवजारांच्या खोलीचं दार उघडून त्याने खिशातला निळा खडू काढला, कापडावर खुणा करायचा, आणि दाराच्या आतल्या बाजूला एक फुली मारली. तिथूनच मुळ्याची बाटली घेतली आणि कालच्याच वाफ्यात, कालच्याच ओळीवर, मुळा पेरायला बसला.

मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आनंद झाला. मी नाही! मी नाही, माझं डोकं शाबूत आहे, चोवीस म्हणजे चोवीसच होते! खुर्चीतून उठून मी ओट्याला टेकून चक्क हसले. किती वेळ हसले ते वहीत नाही. मग मी नाही तर कोण, ते डोक्यात शिरलं, आणि मी परत खुर्चीत बसले.

दुपारी तो झोपल्यावर बागेत गेले. टोमॅटोच्या टोकाच्या झाडाला एकाच जागी नऊ गाठी होत्या, एकीखाली एक, सगळ्या सुबक. आठवडाभरात बांधलेल्या असतील. दाराच्या आत त्रेचाळीस निळ्या फुल्या होत्या. त्याच्या हिशेबाने मी त्रेचाळीस वेळा विसरले होते. पेरायचं विसरले म्हणून त्याने पेरलं होतं. पाणी घातलेलं विसरून मी परत घातलं, म्हणून वाफे ओले होते. त्याच्या बाजूने सगळं चोख जुळत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

करार म्हणतो, त्याच दिवशी. संध्याकाळच्या चहाला मी वही मांडीवर घेऊन बसले. तोंड उघडणार, तेवढ्यात दादाने कप खाली ठेवला.

"ढब्बू, आपला करार आठवतो ना?"

"आठवतो."

"मी मोडला तो. पावसाळ्यापासून मोडतोय. तुला सांगायला जीभच रेटेना." त्याचे डोळे भरून आले होते. "तुला विसर पडतोय गं. पेरायचं विसरतेस, पाणी दोन-दोनदा घालतेस. पण तू काळजी करू नकोस. मी कुठे जात नाही. आईचं झालं तसं तुझं होऊ देणार नाही."

दादा रडताना मी वहिनी गेली तेव्हा बघितला होता, त्यानंतर तेव्हाच. मी त्याच्यासमोर वही ठेवली. त्याने ती सावकाश वाचली. मग मी त्याला हाताला धरून टोमॅटोपाशी नेलं. त्याने एकेका गाठीवरून अंगठा फिरवला.

"गाठ माझीच आहे," तो म्हणाला. मग, "म्हणजे त्या फुल्या..."

"तुझ्या."

चेहरा पांढरा पडला त्याचा. बादली उलटी करून तिच्यावर बसला. मी शेजारी उभी. शेवटी तोच म्हणाला, "बरं केलंस. पाळलास करार. आईसारखं नको." आणि मग, "एका शर्टाला नऊ कॉलर लावल्या की गं मी." आम्ही दोघंही हसलो. उठून त्याने दारावर, फुल्यांच्या वर, खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: विसर पडतो आहे. रोज वाचणे. मला फार हलकं वाटलं. वाटलं, आई, आम्ही जमवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने अवजारांच्या खोलीतून हाक मारली.

"ढब्बू! अगं, हे दारावर लिहायचं कशाला? मला सांगायचंस की."

"काय लिहिलंय?"

"हेच की, विसर पडतोय म्हणून." त्याने मला जवळ घेतलं. "किती दिवस एकटीच काढलेस?"

"दादा, अक्षर बघ ना."

"तुझंच आहे." आम्ही दोघंही एकाच बाईंच्या छडीखाली शिकलो, खडूने लिहिलं की दोघांचंही सारखंच येतं. तो म्हणाला, "आपला करार आठवतो ना? मी मोडला तो. पावसाळ्यापासून मोडतोय. तुला सांगायला जीभच रेटेना."

शब्दाला शब्द. डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याच ठिकाणी.

मी परत सांगितलं. वही, टोमॅटो, गाठी. परत चेहरा पांढरा, परत बादली. परत, "बरं केलंस." फक्त कॉलरचा विनोद ह्या वेळी सुचला नाही. करार करताना आम्ही एक गोष्ट धरलीच नव्हती: सांगितलेलं लक्षात राहायला हवं. बाकी सगळं नीट ठरवलं होतं.

डॉक्टरकडे गेलो. मी त्याला नेलं, असं मी म्हणते, पण तिथे बसल्याबसल्या दादा डॉक्टरांना म्हणाला, "बहिणीला दाखवायला आणलंय. स्वभावाने तिखट आहे, जरा सांभाळून विचारा." डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि प्रश्न दोघांनाही विचारले. मग माझ्या हातात दादाच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली. आईच्या वेळी जे ऐकलं होतं तेच हळू आवाजात ऐकलं. गोळ्या मी मोजते.

त्या थंडीत मी त्याला चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी तो बादलीवर बसला होता आणि मी त्याच्या मानेकडे बघत होते, आणि मला कळेना की मी हे कुणासाठी करते आहे. माझ्यासाठी ही चौथी खेप. त्याच्यासाठी दर वेळी पहिलीच. आईला निदान एकदाच कळलं होतं.

उन्हाळा लागताना, मिरचीची रोपं वाफ्यात लावत होतो तेव्हा, तो पाचव्यांदा माझ्याजवळ येऊन बसला. "ढब्बू, आपला करार आठवतो ना?" पुढचं सगळं बोलला. मी हातातलं रोप मातीत दाबलं.

"हो दादा," मी म्हटलं. "विसरते मी."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की कित्येक महिने कोंडून ठेवला असावा. पाठ ताठ झाली त्याची. "घाबरू नकोस," म्हणाला, आणि माझ्या हातातलं खुरपं घेऊन उरलेल्या मिरच्या स्वतः लावल्या. त्या दिवसापासून ते बोलणं त्याने परत काढलं नाही. हे एवढं कसं लक्षात राहिलं, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तो नीट जेवतो. गुणगुणतो. मला सांभाळायचं काम त्याला मानवलंय.

आणि मी बाबा झाले. दुपारी तो झोपला की जास्तीचं बी उकरते, गाठी सोडून एकच ठेवते, तुंबलेल्या वाफ्याला बांध फोडून वाट करून देते. फुल्या पुसत नाही. बाबांचं आता पटलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांचा राग अजूनही येतो, आणि तसाच माझाही येतो. एखाद्या दुपारी तो लवकर उठून दारात आला आणि मला गुडघ्यांवर बसून माती उकरताना त्याने बघितलं, तर? काय सांगणार आहे मी? रोज खुरपं उचलताना हे विचारते, रोज उत्तर येत नाही, आणि रोज उकरते.

उन्हाळा गेला, भेंडी झाली, पाऊस सरला. थंडी पडल्यावर मी भिंतीलगतच्या वाफ्यात परत मटार टोचला. चोवीस दाणे, चार-चार बोटांवर. त्यांच्या अधेमधे जे सापडेल ते दादाचं. दहा दिवसांत मी अठरा दाणे उकरले. काही नुसते फुगलेले, काहींना पांढरं मूळ फुटलेलं. शेवटचे तीन अकराव्या दिवशी दुपारी निघाले. हात धुवायच्या आत मागून दार वाजलं, म्हणून ते तसेच खिशात टाकले.

दादा डोळे चोळत आला. वाफ्यापाशी वाकून बोटाने एकेक रोप मोजायला लागला. मी खिशात हात घालून ते तीन दाणे मुठीत धरले. बारा झाली, तो वळला, दुसरी ओळ धरली.

"चोवीस!" तो म्हणाला. "बघितलंस? बरोबर चोवीस. नीट लक्ष ठेवलं की होतं सगळं." मग माझ्याकडे वळला. "गेल्या वर्षी ह्याच वाफ्यात केवढा घोळ घातला होतास, आठवतं?"

"नाही," मी म्हटलं.

"असू दे." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी आहे ना आठवायला."